ओली भिंत

संग्रहालयानं दिले होते तीन दिवस,
जपानी कागदाचे दोन रोल, डिंकाचे सहा डबे
आणि एक फॉर्म : वस्तू, माप, काळ, स्थिती.
आरेतल्या उंबरपाड्यात
ठकी दुमाडाच्या घराची कारवीची भिंत
पाडकामाआधी सोलून आणायची होती,
अखंड.

मी मापं घेतली.
मधोमध चौक, चौकात पालघट,
शेजारी घोड्यावर बिनमुंडक्याचा पंचशिऱ्या,
आणि खाली कोपऱ्यात, करंगळीएवढा,
डेअरीचा दुधाचा टँकर.
त्याला चाकं नव्हती, पाय होते.

"हे कधीचं?"
"रघ्याच्या लग्नातलं."
"साल कुठलं?"
"टँकर उलटला ना नाल्यापाशी,
कुत्री पन दूध पिऊन झोपली, तं साल."
फॉर्मवर एवढी जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी पोचले
तर भिंत ओली.
शेण, त्यावर गेरू,
सून मथुरीचे हात कोपरापर्यंत लाल.
घोडा नाही, टँकर नाही, रघ्याची वरात नाही.

मी ओरडलेच.
ठकी तांदूळ वाटत होती, थांबली नाही.
"रविवारी रसिलाचं लगीन.
दुसऱ्याच्या चौकात हिला उभी करू?"

मग मी गप्प बसून राहिले उंबऱ्यावर.
भिंत कडेला उसवली होती तिथं
पापुद्रे दिसत होते, लाल, करडे, लाल,
रघ्या, रघ्याचा बाप, त्याच्याही आधीचं कुणी,
एकेक लग्न दुसऱ्याच्या अंगावर लिंपलेलं.
मी त्यातलं सगळ्यात वरचं तेवढं
न्यायला आले होते.

संध्याकाळी बायका जमल्या.
बांबूच्या काडीचं टोक दातांनी चावून
एकीनं पहिली रेघ ओढली,
वाकडी.
कुणी पुसली नाही.

निघताना ठकी मागून आली.
"सोमवारपासून बिल्डिंगीत. सातवा माळा.
तिथं शेन लावून बघितलं मी,
रातीत पोपडे.
बाय, तुझा त्यो डिंक
शेन धरून ठेवल का?"

माहीत नव्हतं. आमच्या शिक्षणात
शेण हा शब्दच नव्हता.

फॉर्म भरला. वस्तू : भिंत. काळ : चालू.
स्थिती : ओली, उतरवता आली नाही.
साठ्यात डिंकाचे दोन डबे कमी भरतात,
दर मार्चअखेर
मला त्याचं कारण विचारलं जातं.