सहा औंस

डुलूथ शहरात काटे तपासणं हे माझं काम.
मासळीवाले, सोनार, टपालकचेरी,
एकदा तर जनावरांच्या डॉक्टरांचं पारडं,
वर मांजर बसलेलं असताना.
पितळी वजनांची पेटी कायम डाव्या हातात,
म्हणून कोटाचा डावा खांदा उतरता.

त्या मंगळवारी यादीत शेवटचं नाव:
हार्यू, कुलपं आणि किल्ल्या. मागच्या बाजूला जेवण.
पुढे भिंतभर किल्ल्या, कुणाकुणाच्या दारांच्या,
मागे सात स्टुलं आणि एक काउंटर,
त्यातलं एक स्टूल चिकटपट्टीनं सावरलेलं.
फळ्यावर खडूनं एवढंच:
हॅम्बर्गर, सहा औंस.
वाटाण्याचं सूप.
केक संपला.

लेम्पी हार्यूनं काटा माझ्यापुढे सरकवला.
मी सहा औंसांचं पितळ ठेवलं.
काट्यानं दाखवले साडेसहा.
उचललं, फुंकर मारली, परत ठेवलं.
साडेसहा.
मापात पाप, मी मनात म्हटलं,
आणि लाल चिठ्ठीसाठी खिसा चाचपला.
"बाई, तुमचे सहा म्हणजे साडेपाचच की."

"त्यावर कोण तोलतं?" ती म्हणाली.
"त्याच्याखाली मी पावत्या दाबून ठेवते."

मग तिनं त्याच सकाळी दळलेलं मांस काढलं,
खांद्याचं, छातीचं, थोडं फासळीलगतचं,
गोळा वळला, आणि माझ्याच तराजूत टाकला.
सहा.
दुसरा. सहा.
तिसरा टाकण्याआधी थबकली,
करंगळीनं वाटाण्याएवढं काढून घेतलं,
सहा.

"बावीस वर्षं खनिजाच्या बोटींवर रांधलं," ती म्हणाली.
"नोव्हेंबरात सुपीरियर खवळलं
की काटा राहतो होय जागेवर?
आणि तीस खलाशी, एकाच्या ताटात कमी पडलं
तर बाकीचे एकोणतीस बघतात."

कोपऱ्यातला क्रेनवाला एल्डन वर न बघता बोलला,
"तोललेलं आता वाया घालवू नका, साहेब."

कामावर असताना खायचं नाही, असा नियम आहे.
मी पेटी पायाशी ठेवली.

तव्यावर चर्र झालं. उलथनं एकदाच दाबलं,
कडांना तपकिरी जाळी धरली.
सकाळी सहापासून लोण्यात बसलेला कांदा,
रंग गोदीतल्या गंजासारखा,
चव मात्र जवळजवळ मधाची.
शेपू घालून मुरवलेली काकडी, कचकन आंबट,
नाकात चढणारं जुनं चीज,
आणि पावात कसलीशी ओळख लागेना.
दुसऱ्या घासाला लागली: वेलदोडा.
बर्गरच्या पावात वेलदोडा!
रस मनगटावरून बाहीत गेला
आणि मी तो जाऊ दिला.

एकोणीस वर्षं मी इथून चार गल्ल्यांवर राहतो.
बायको गेली त्या वर्षी
घराची जादा किल्ली इथंच करून घेतली होती,
उभ्या उभ्या, तीन मिनिटांत.
कांद्याचा वास आला होता, आठवतं.
शेजारच्या कुणाचं तरी जेवण असेल, असं वाटलं होतं.

लाल चिठ्ठी लावली. लावावीच लागते.
लेम्पीनं ती वाचली, मान हलवली,
आणि नापास काट्याखाली
माझीही पावती सारली.
अर्जावर शेऱ्याच्या रकान्यात
तेलकट अंगठा उमटला तो उमटलाच.
कचेरीत विचारलं, हे काय?
म्हटलं, तपासणी.

पुढच्या मंगळवारी यादीत ते नाव नव्हतं.
तरी वजनांची पेटी घेऊनच गेलो.
नुसतं जेवायला आलोय
असं तोंडावर सांगायची
लाज वाटली.