ऊन असेल तेव्हा या

बर्लिनहून पत्र आलंय:
तुमचा संग्रह रात्री बंद का असतो?
अभ्यासक आहे म्हणे, आणि तातडी आहे.

उलुकबेक हसतो. तीन वर्षांपूर्वी त्यानंच
शाळेच्या छपरावर सोलरचे सहा निळे पत्रे बसवले,
खाली नकाशांच्या खोलीत एक डबा ठेवला,
भाकरीच्या डब्याएवढा.
त्यात आमच्या खोऱ्यातली एकशे चार माणसं आहेत.
त्यातली एकसष्ट आता फक्त त्यातच.

ऊन असेल तोवर डबा जागा.
ऊन डोंगरामागं गेलं की
तोही मेंढरांसारखा गप्प होतो, निजतो.
बर्फ पडला की मी शिडी लावते
आणि केरसुणीनं छप्पर झाडते.
अभिलेखपाल म्हणजे काय गं, धाकटा विचारतो
तेव्हा मी त्याला केरसुणी दाखवते.

पण यंदा डबा भरला.
आणखी एक घ्यावा तर छपरावर जागा नाही,
आणि खालच्या धरणात पाणी नाही.
जानेवारीत दवाखान्याचीच वीज जाते तीन-तीन तास;
त्या विजेला आपण हात लावायचा नाही
हे पहिल्या दिवशीच ठरलेलं.
मग पुसायचं काय?

उलुकबेक म्हणाला, आवाज आकसून घेऊ.
दाबला की दहावा हिस्सा होतो,
शब्द जागच्या जागी राहतात.
त्यानं अनारकानचा कोशोक लावला,
नवरा गेला त्या सकाळी तिनं घातलेला विलाप,
नमद्याच्या तंबूत, दाराकडे पाठ करून.
आधी मूळ. मग आकसलेला.

शब्द होते. खरंच, एकही पडला नव्हता.
पण चुलीत गोवरी तडकते ते गेलं होतं.
बाहेर घोडा फुरफुरतो, तो नव्हता.
आणि दोन ओळींच्या मध्ये
ती जो श्वास आत ओढते,
विहिरीतून पोहरा रिकामाच वर यावा तसा,
तो यंत्रानं गोंगाट समजून
तांदळातल्या खड्यासारखा वेचून टाकला होता.

उलुकबेक काही बोलला नाही. मीही.
ऊन कलत होतं,
अर्ध्या तासाचा उजेड उरला होता.

मग मी दुसरा कप्पा उघडला.
उद्घाटनाचे फोटो: चारशे बारा.
फीत. कात्री. फीत कापणारा हात.
तोच हात, किंचित डावीकडून.
देणगीदार आमची पांढरी टोपी घालून,
तीच टोपी कानावर आल्यावर,
आणि मागं मी, नव्या कोटात, पन्नासदा हसताना.
एकाच शिरदाकाच्या नऊ प्रती,
नववी का, ते कुणालाच आठवेना.
अहवाल. अहवालाचा अहवाल.

एक फोटो ठेवला.
त्यात फीत नाही,
कोपऱ्यातल्या बाकावर अनारकान आहे,
भाषणं ऐकून कंटाळलेली,
एक जोडा काढून तळवा चोळत बसलेली.

बाकी सगळं पुसलं.
मला वाटलं होतं, स्वतःला पुसताना बोट अडेल.
अडलं, पण कोटापाशी. तो कोट मला आवडायचा.

बर्लिनला लिहिलं:
रात्री इथं सगळेच झोपतात, गेलेलेसुद्धा.
तुमच्या पहाटे पाचपासून अकरापर्यंत
ढग नसतील तर दार उघडं आहे.
लवकर उठा.
आणि ऐकताना आवाज मोठा ठेवा,
घाई करून पुढं सरकू नका,
सुरुवातीला बराच वेळ नुसता घोडाच आहे.