वेबिल

एकतीस वर्षं मी घंटीची दोरी ओढली.
देवगड डेपो, मुक्कामाची गाडी.
रात्री चिल्लरीचे ढीग लावून
तिकिटं आणि पैसे जुळेपर्यंत डबा उघडला नाही.
म्हणून हेमांगी गिरप दारात आली.
"अण्णा, वॉर्ड सातात उभी रवतंय. हिशेब तुमी ठेवा."
मी विचारलं, मर्यादा किती?
तिने सरकारी कागद दाखवला, खर्चाचा.
म्हटलं, ही उतरणाऱ्या पैशाची झाली.
चढणाऱ्याची किती?

ठरलं: माणशी दोनशे. वर छदाम नाही.
पहिली पावती शेवंता कुबलची, वीस रुपये,
नोटेला सुक्या बांगड्याचा वास.
रमजान दर्वेशने एक दिवस लाऊडस्पीकर दिला,
मी भाडं धरून लिहिलं, एकशे ऐंशी.
"अण्णा, घरचोच आसा तो!"
घरच्या माणसालाही तिकीट लागतं, रमजान.

मग बर्फाच्या कारखान्यातून पाकीट आलं.
तांबळबंदरच्या खाडीतला गाळ काढायचा ठेका दाजी सापळ्यांचा,
पुढच्या वर्षी पुन्हा निघणार.
आत पंचवीस हजार, आणि सोबत यादी:
एकशे पंचवीस नावं, प्रत्येकी दोनशे.
हेमांगीच्या भाच्याने उत्साहात पावत्याही लिहून टाकलेल्या.
नियमात बसत होतं. अगदी बसत होतं,
अख्खी वरात एका पासावर बसावी तसं.
मी नोटांचे नंबर पाहिले.
ओळीने, एकामागून एक,
सहलीतल्या पोरांनी हात धरावेत तसे.
यादीत चौऱ्याहत्तरावा जनू पराडकर.
जनूच्या बाराव्याला मी जेवून आलोय.

हेमांगी गप्प.
छापखान्याचे साडेसहा हजार द्यायचे होते.
"अण्णा, आमी नियम मोडूक नाय मा?"
नाही, मी म्हटलं.
आणि आम्ही दोघं बराच वेळ
कुंपणावर वाळणाऱ्या जाळ्याकडे बघत राहिलो.

सकाळी यादी घेऊन निघालो.
जेटीवर एकोणिसावं नाव सापडलं,
सुकांत तोरसकर, गाळाच्या बोटीवरचा,
गुडघ्यापर्यंत काळा.
तू दोनशे रुपये दिलेस?
"मी?" तो हसला. मग हसू थांबलं.
"कोणाक?"
सांगितलं.
"पावती आसा?"
होती. फाडायलाच आणली होती.
ओल्या बोटांनी धरून त्याने नाव दोनदा वाचलं.
"ही माका ऱ्हवांदे, अण्णा.
दोनशे रुपये देणारो तोरसकर
आमच्या घरात पयलोच."

दिली नाही. देता येत नव्हती.
पुष्कळांना मी भर रस्त्यात गाडीतून उतरवलंय,
त्यांतले चेहरे विसरलो.
हा नाही.

पाकीट परत गेलं. पत्रकं निम्मीच निघाली,
काळ्या शाईत, फोटोशिवाय.
पुढे ते पाकीट कुठल्या दारी थांबलं, मला ठाऊक नाही.
एवढंच, की त्या आठवड्यात वाळूवर दिवे लागले,
रात्रीचे क्रिकेटचे सामने,
पहिलं बक्षीस फ्रीज,
आणि सुकांत तिसऱ्या क्रमांकावर खेळायला आला,
अंगात नवी कोरी जर्सी.

हेमांगी तेवीस मतांनी पडली.
मुदतीच्या आत तहसीलला हिशेब दिला.
कारकून पानं उलटत म्हणाला,
"पडलेल्यांनी इतकं नीट कशाला लिहायचं?"
मी सही घेतली, शिक्का घेतला,
पोच मागितली.

वहीत सदतीस रुपये उरलेत.
कोणाचे ते कळत नाही.
शेवंताच्या विसातले, की रमजानच्या भाड्यातले,
सगळे एका पिशवीत मिसळलेले.

सुट्टे नसले की मी तिकिटामागे लिहून द्यायचो:
बाकी दोन, बाकी तीन.
काही जण उतरताना मागून घ्यायचे,
काही पुढच्या फाट्यावर आठवून धावत यायचे,
काही नाहीच.
आता वहीच्या मागल्या पानावर लिहून ठेवलंय:
बाकी ३७. वॉर्ड सात.
मागायला या.