कच्ची कडी

उजळाईवाडीच्या माळावर सकाळचे सात.
गुऱ्हाळाचा धूर सरळ वर जाऊन
मग आळसानं पूर्वेकडं वळलेला.
"वारा पश्चिमेचा, पाच नॉट," मी म्हणाले.
"आणि दोर तुटला तर?"
इंगवले सरांचा रोजचा प्रश्न, हजेरीसारखा.
उत्तर मोठ्यानं द्यायचं, काच बंद करायच्या आधी:
नाक खाली. वेग येऊ दे. मूठ दोनदा ओढ.
समोर जमीन पुरत असेल तर समोरच उतर.
वेग आल्याशिवाय वळायचं नाही,
मागून बापानं हाक मारली तरी नाही.

आज बाप खरंच मागं उभा होता,
कुंपणापाशी, शिरोलीच्या फौंड्रीतून
रात्रपाळी उरकून थेट आलेला.

पलीकडच्या टोकाला विंचवर मुल्लाणीचाचा.
साखर कारखान्यात क्रेनवर तीस वर्षं
उसाच्या मोळ्या उचलल्या,
आता आम्हाला उचलतात.
दिवा लुकलुकला. गवतातून दोर
धामणीसारखा सरसरत ताठ झाला,
पाठ खुर्चीत रुतली, चाक जमीन विसरलं,
समोर नुसतं आभाळ.
पन्नास मीटर. सत्तर. ऐंशी—

टक्.

सुपारी फुटावी एवढाच आवाज.
आणि नंतर शांतता.
सगळं शिकवलं होतं मला,
ही शांतता सोडून.

हात म्हणाला, काठी ओढ, वर जा, जमिनीपासून लांब.
हात खोटं बोलत होता.
नाक आभाळात आणि वेग चाललेला हातचा,
पळीतलं लोखंड ओतायच्या आधीच थिजावं तसा.
ढकलली काठी. ढकलत राहिले.
आभाळ वर सरकलं, क्षितिज आलं, माळ आला,
पोट तेवढं वरच राहिलं.
काटा नव्वदवर यायची वाट बघत
मी मनात किती म्हातारी झाले, सांगता येणार नाही.
मूठ. पुन्हा मूठ.
वळावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू,
मागं, जिथं माणसं होती.
पण समोर गवत होतं, पुरेसं, बिनमाणसांचं.
ब्रेक उघडले.
दोन उड्या, थोडी धूळ, एक चिडलेली टिटवी.

"सर, मूठ तुम्ही ओढली होती ना? परीक्षा म्हणून?"
"न्हाई," मागच्या सीटवरून सुकलेला आवाज आला.
"आज खरंच तुटलं."

बाबांनी मला काहीच विचारलं नाही.
चाचांबरोबर दोराच्या टोकापर्यंत गेले
आणि तळहातावर घेऊन आले
भोकापाशी मोडलेली पोलादी पट्टी.
उन्हात धरून तिची मोड वाचली.
"माल चांगलाय. कण स्वच्छ. मग तुटली कशी?"
"तिचं कामच ते," चाचा म्हणाले.
"ताण जादा झाला, की हिनं आधी मोडायचं.
म्हंजे पंख मोडत न्हाईत."

बाबा बराच वेळ गप्प.
"आमच्याकडं एक तुकडा तडकला
तर साहेब केबिनमध्ये बोलावतो."
मग पट्टी रुमालात गुंडाळून
खिशात ठेवली, वरच्या, पासबुकाशेजारी.

तासाभरानं, दोर हातभर-हातभर तपासून झाल्यावर,
नवी कडी लागली. मी पुन्हा पट्टे आवळले.
धूर आता जरा जास्त कललेला.
"वारा?"
"पश्चिमेचा. सात."
"आणि दोर तुटला तर?"

"नाक खाली," कुंपणापासून आवाज आला,
माझ्याआधी.