अडीच तास मागे

शाळेच्या नकाशातली आफ्रिका उंदरांनी खाल्लेली,
नेमका पूर्वेकडचा काठ.
म्हणून पोलिओच्या जुन्या रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानावर
मी तळं काढलं : नैवाशा.
डोमाजी वलथरेनं मान वाकडी करून पाहिलं.
"अजून वाढवा जी बाई.
पाणघोडे मावले पायजेत."

एकतीस वर्षं मी या पट्ट्यात नर्सबाई.
सायकलला लसींचा डबा,
आणि रोवणीच्या चिखलात सारसाची जोडी दिसली
की डब्याच्या झाकणावर खडूनं दोन रेघा.
दवाखान्यात पोचेपर्यंत अर्ध्या पुसलेल्या.
निवृत्तीचे पैसे आले तेव्हा सून म्हणाली, स्लॅब टाकू.
मी म्हटलं, टाकू.
अर्ध्या घरावर.

डोमाजीनं उभी हयात डोंगा चालवला.
पुण्याच्या लोकांना चक्रवाक दाखवले,
त्यांच्या दुर्बिणी धोतराच्या सोग्यानं पुसून दिल्या.
स्वतः गोंदियाच्या पलीकडे एकदाच गेला,
तोही चुकीच्या गाडीत बसून.

आता त्याचा पासपोर्ट.
फॉर्मवर जन्मतारीख हवी.
"बोडीची पाळ फुटली त्या रात्री," तो सांगतो,
"माय माचीवर बसून बाळंत झाली."
सेतू केंद्रातला पोरगा विचारतो, तारीख काय टाकू?
डोमाजी पाण्याकडे बघतो,
जणू पाळ सांगेल.

लस घ्यावी लागते तिकडे जायला, पिवळ्या तापाची.
हजारो दंड टोचले मी,
रडणाऱ्यांना सांगितलं, मुंगी चावल्यासारखं होईल.
आता माझा दंड पुढे करायचा
तर दोन रात्री झोप नाही.

सगळं जमत आलं होतं, आणि मधेच तो बिनसला.
कुणीतरी मोबाइलवर त्याला दाखवलं :
तिथला नाववाला शीळ घालतो, मासा वर फेकतो,
आणि पांढऱ्या डोक्याचा गरुड झाडावरून झेपावतो,
नावेतले लोक फोटो काढतात.
"मासा फेकून बोलावलेलं पाखरू
पाहाले तीन लाख?
मी कोनाले शीळ नाई घातली आजवर.
याचं तर आलं, नाई तर परत जा."
आठ दिवस डोंगा उलटा पडून होता.

मग मी पुस्तक घेऊन गेले त्याच्या अंगणात.
हा बघ, म्हटलं, पाण्यावर एका जागी फडफडतो तो,
काळापांढरा. तिथंही हाच.
"कवड्या धीवर?"
तोच.
जाळ्याची गाठ मारता मारता तो हसला.
"म्हंजे आमचा जातवालाच हाये तिथं.
मंग मुक्कामाची सोय झाली."

कार्तिकात हलका धान पिवळा पडला.
बांधीवर चतुरांचे थवे, उन्हात काचेसारखे.
मोजणीला आलेल्या एका पोरीनं सांगितलं,
यातले काही समुद्र ओलांडून तिकडे जातात,
आणि ससाणे त्यांच्याच वाटेनं, त्यांनाच खात खात.
डोमाजी बराच वेळ गप्प.
"लहानपनी शेपटीले दोरा बांधत होतो आमी,"
एवढंच म्हणाला.
मीही बांधला होता. लाल, फ्रॉकच्या झालरीचा.
बोलले नाही.

तारीख ठरली नाही अजून. माघात बघू.
स्लॅबच्या सळ्या येऊन पडल्यात, त्यावर टिटवी ओरडते.
पण आज पहाटे सहाला डोंग्यात बसलो,
धुकं पाण्याला चिकटलेलं,
कमळाची पानं तळाला घासत होती.
मी घड्याळ पाहिलं. तिथं आत्ता साडेतीन.
पाणघोडे अजून काठावर चरत असतील,
पाण्यात उतरले नसतील.
माझ्या मनात होतं, की तोंडातून गेलं, कोण जाणे.
डोमाजीनं बांबू पाण्यात अलगद सोडला, आवाज न करता.
"हळू बोला जी," म्हणाला.