खरवड

पहिलं पेडल खरवड.
ऑर्लेमचा ऑस्टिन किणी बनवतो,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
आतले जर्मेनियम ट्रान्झिस्टर लॅमिंग्टन रोडवर
एका मेलेल्या रेडिओतून उपसलेले.
नाव मी ठेवलं, नेलपॉलिशनं लिहिलं:
बासुंदी उतरवल्यावर पातेल्याच्या तळाला चिकटते,
उलथन्यानं ओरबाडावी लागते,
आणि जिच्यासाठी भावंडांत मारामारी होते, ती.
गिटारचा सूर हिच्यातून गेला
की वरची साय कुठेच नसते.

मे महिन्यात चालत नाही.
उकाड्यानं जर्मेनियम मलूल पडतं,
तोंडातल्या तोंडात पुटपुटतं.
मग फ्रीजमध्ये ठेवते, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी,
आणि प्रॅक्टिसला ओल्या फडक्यात गुंडाळून नेते,
बांगडे न्यावेत तशी.

दुसरं घूस. खालची जमीन पोखरतं.
तिसरं 'परत'. एकदा ऐकलेलं विसरत नाही,
दर खेपेला जरा जास्त चिडून सांगतं,
माझ्या आत्यासारखं.
एक नॉइज गेटही होतं,
दोन सुरांच्या मध्ये दार लावून घेणारं.
विकलं.
कारण त्याच फटीत खरवड रेडिओ पकडते.
सगळं कोसळून झालं, अ‍ॅम्प नुसता धापा टाकतोय,
आणि एक बाई अगदी हळू सांगते:
कांदा, लासलगाव, क्विंटलला अमुक.
मेल्विन काठ्या मांडीवर ठेवून
भाव ऐकतो.

दिवसा मी कान तपासते.
कांदिवली, हॉस्पिटलचा तळमजला, फोमच्या भिंतींची खोली.
टीं ऐकू आलं की बटण दाबा.
किती डेसिबलला काय मरतं मला पाठ आहे;
आतल्या केसाएवढ्या पेशी कशा आडव्या होतात,
वाऱ्यानं लोळवलेल्या भातासारख्या,
आणि पुन्हा उठत नाहीत.
म्हणून रात्री कानात बोळे घालते, मेल्विनलाही घालायला लावते,
मग दोन्ही पेडलं एकदम दाबते.
ह्याला काय म्हणायचं ते म्हणा.

मढचे हिराजी तांडेल आले.
चाळीस वर्षं बोटीच्या इंजिनाशेजारी झोपलेले.
चार हजार हर्ट्झपाशी आलेख दरीत पडला.
म्हणाले, कमी ऐकू येतं त्याचं काही नाही, पोरी,
घरात जे बोलतात ते न ऐकलेलंच बरं.
पण आत एक शिट्टी आहे.
बायको म्हणते कुठाय, मला नाही येत.
डॉक्टर म्हणतो, नाहीच ती.
अकरा वर्षं मी एकटा ऐकतोय.

मशीनवरचा सूर लावून दाखवला.
मान हलवली. असा नाही.
हा धुतलेला आहे. माझ्याला काटे आहेत.

पुढच्या मंगळवारी डबा पिशवीतून नेला.
फोमच्या खोलीत, लादीवर, खरवड आणि 'परत',
मांडीवर गिटार, तारेवर फक्त करंगळी.
त्यांनी डोळे मिटले. बोट वर केलं: अजून वर.
अजून. जरा मळकट कर.
आता थांब.
थांब.

मग हेडफोन चांगुणाबाईंच्या कानांवर.
चार सेकंदांत त्यांनी काढून टाकला,
नवऱ्याकडे पाहिलं.
हा? रात्रीसुद्धा?
ते काही बोलले नाहीत.
त्यांनी आंबाड्यावरची वेणी सारखी केली
आणि हेडफोन परत चढवला.
किती वेळ कोण जाणे. बाहेर पुढचा पेशंट खोकत होता.

अहो, त्या म्हणाल्या,
आत कुणी बाई बोलते. टोमॅटो म्हणते.

हिराजी म्हणाले,
ती माझी नाही.