नागपुरातला बेस्तरवार

इतवारी कुठं आहे, विचारा,
आमच्या पाखडीतलं दुसरीचं पोरगंही सांगायचं,
छोटी गाडी संपते तिथं.
सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरा
या आमच्याकडं वस्त्या होत्या,
पंचफुला ठवकरच्या पाटीतून उतरलेल्या.
ती मिरच्या घेऊन जायची, वस्त्या घेऊन यायची.

नकाशा तिनं पाहिला नव्हता.
तिचं शहर मानेनं मोजलेलं.
“नागपूर सपाट हाय म्हणतेत. बसून जाणारे म्हणतेत.
डोक्शावर अठरा किलो घे
अन् शुक्रवारी तलावाहून बर्डीले निघ.
मंग सांग मले.”

कुठल्या ओळीत पाणी मागितलं तर गूळही मिळतो,
कुठल्या अडत्याच्या पारड्याखाली मेण असतं,
कुठल्या देवळाची तिसरी पायरी
भर बारालाही थंड राहते
(खालून नाला जातो, पुजाऱ्याला पत्ता नाही),
मस्कासाथेत शिंका किती येतात.
“तीन. चवथी आली का समज, कोनाचं तरी पोतं फुटलं.”

हे सगळं ती सांगायची गुणाजीच्या चक्कीवर,
दळण होईस्तोवर.
पट्ट्याच्या आवाजात अर्धं ऐकू यायचं,
अर्धं आम्ही जोडायचो.
म्हणून माझ्या नागपुरात अजूनही
एक चौक जास्त आहे.

एकदा गुणाजीनं चक्की थांबवून विचारलं,
“काकी, बाकीचे वार झाले.
बेस्तरवारचं काय? त्याची वस्ती कोठी हाय?”
पंचफुला पहिल्यांदाच गप्प.
पीठ न चाळताच घरी गेली.

पुढच्या खेपेला तिनं इतवारी टेशनावरच्या हमालाला विचारलं.
तो म्हणाला, होती, नागनदीच्या पुरात गेली.
बांगडीवाली म्हणाली, ते वेगळ्या नावानं आहे,
पण नाव तिला आठवेना.
अडत्या म्हणाला, बाई, तुम्ही भाव बोला.

संध्याकाळच्या गाडीनं परत.
रिकामी पाटी चक्कीच्या ओट्यावर पालथी घातली,
तिच्यावर बसली.
“सापडली.”
कोठी?
“बेस्तरवारी बाजार कोठी भरते?”
आपल्या गावात.
“मंग?”

गुणाजीनं चक्कीच्या टिनावर गेरूनं लिहिलं:
गुरवारी.
खाली, जागा उरली नव्हती म्हणून बारीक:
नागपूर.

पुढं छोटी गाडी बंद झाली.
रूळ उचलून नेताना पोरं सोबत धावली,
कुणी खिळे आणले, कुणी काहीच नाही.
आता रुंद लाइन पडतेय म्हणतात.
ती पाखडीत थांबेल की नाही
हे रोज एक नवीन माणूस
रोज वेगळं सांगतो.

मागच्या पौषात मी पंचफुलाला धंतोलीत डॉक्टरकडं नेलं.
हात मुंग्या धरत होते.
डॉक्टरनं एक्स-रे उजेडावर लावला, पेन ठेवला:
मानेचे दोन मणके दबलेत, आजी.
तिनं पदरानं चष्मा पुसला, पुढं झुकली,
बराच वेळ पाहिलं.
“हा बर्डीचा,” म्हणाली.
“अन् हा खालचा मस्कासाथचा.
पैसे मात्र दोन्हीकडं पुरे भेटले नाई.”
डॉक्टर हसला. मला हसता आलं नाही.

बाहेर ऑटोवाल्यानं गळ्यातला पट्टा पाहून विचारलं,
कुठल्या तुम्ही, मावशी?
“गुरवारीची.”
सिग्नल लाल. तो विचारात पडला.
नागपूरचा ऑटोवाला, माहीत नाही कसं म्हणेल?
“ते, इतवारीच्या मागं, नाही का?”
“हो,” ती म्हणाली, “थोडं मागं.”
गाडीनं अडीच तास, हे तिनं सांगितलं नाही.

हिरवा झाला.
तलावाकडं वळताना तिनं हाताचा आधार सोडला.
मला रस्ता सपाटच वाटत होता.
ती म्हणाली, “उतार लागला.”